उबोसा

सिंदी रेल्वे या गावच्या शब्दसेठबद्दल दोन गोष्टी आजही सांगितल्या जातात. एक, ते वेडे होते. दोन, ते घरी बसून शब्द पाडायचे आणि जुने म्हणून लोकांच्या गळ्यात मारायचे. पहिल्या गोष्टीवर मी वाद घालणार नाही. ज्या माणसाने बापजाद्यांच्या कापसाच्या गोदामात शब्द ठेवले, त्याला शहाणं ठरवण्याची जबाबदारी मी या वयात अंगावर घेत नाही. दुसरी गोष्ट मात्र खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी गप्प राहिलो. म्हणून हे लिहितो आहे.

सेठजींचं घराणं अडतीचं. गावोगावचा कापूस त्यांच्या गोदामात उतरायचा आणि तिथून जिनिंगला जायचा. पुढे शेतकरी परस्पर जिनिंगवर गाड्या नेऊ लागले आणि गोदाम ओस पडलं. धाकट्या दोघा भावांनी बाजारात हार्डवेअरचं दुकान टाकलं. सेठजींनी लग्न केलं नव्हतं, दुकानात बसायची आवड नव्हती, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तर अजिबात जमत नव्हतं. त्यांच्या वाट्याला गोदाम राहिलं. हे शब्दांचं खूळ कुठून सुचलं, असं कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "रिकामं गोदाम उंदीर भरते. त्याच्यापेक्षा शब्द बरे. खात नाईत, कुरतडत नाईत."

उंच, वाळका माणूस. पांढरा सदरा, पायात टायरच्या चपला, आणि उजव्या हाताचा अंगठा नि तर्जनी सतत हलत असलेली. ती सवय व्यापारातली. कापसाचा व्यापारी पोत्यातून चिमूटभर रुई उपटतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ओढतो आणि धागा कितीवर तुटतो ते पाहतो. सेठजी शब्दही तसाच पाहत. कोणी काही सांगितलं की बोटं चालू लागायची. "आखूड धाग्याचा हाये," म्हणायचे, किंवा "हा लांब धाग्याचा. हा चार पिढ्या जाईन." गावातले टवाळ लोक बोटं चोळत त्यांची नक्कल करायचे. सेठजी तीही पाहायचे आणि सांगायचे, "अंगठा जरा वर पाह्यजे."

गोदामाच्या दारावर खडूने एकच ओळ लिहिलेली होती : हात लावल्याशिवाय पाहू नये.

आणि तिकीट होतं एक शब्द. पैसे चालत नसत. शब्द स्वतःच्या घरातला पाहिजे, गोदामात आधीपासून नसलेला पाहिजे, आणि तो करून दाखवता आला पाहिजे. दाखवता आला की तो आत जाई आणि त्याच्यासोबत देणाऱ्याचं नाव आणि गाव जाई. पुढे जो कोणी पाहायला येईल त्याला सेठजी आधी शब्द सांगत, मग नाव, मग गाव. लिहून काही ठेवलेलं नव्हतं. सगळं तोंडपाठ.

मी वर्ध्याला कॉलेजात मराठी शिकवत होतो. एका हिवाळ्यात वर्गाची सहल म्हणून मुलांना घेऊन सिंदीला गेलो. खरं सांगायचं तर गंमत पाहायला गेलो. स्टेशनवर मुलांनी चहा घेतला, मी गरम समोसा घेतला आणि कागदात गुंडाळून हातात धरून गोदामापर्यंत चालत आलो.

मुलं पटापट आत गेली. पुलगावच्या एका पोरीने घरातला पीठ चाळतानाचा कसला तरी शब्द सांगितला, हात हलवून दाखवला, सेठजी खूश. शेतकऱ्यांची पोरं होती, त्यांच्याकडे काय, पोत्याने शब्द. मी शेवटी राहिलो. मास्तर म्हणून मी जरा ऐटीतच म्हटलं, "कातरवेळ."

बोटं हलली. "हाये. आर्वीकडच्या एका बाईनं देल्ला."

"अरुणोदय."

"हा पुस्तकातला. तुमच्या घरी कोन म्हनते हो सकाळी उठून, चहा ठेवा, अरुणोदय झाला?"

आतून मुलांचं हसणं ऐकू आलं. मी म्हटलं, "कवडसा."

"हाये. आत गेल्यावर भेटन. म्हंजे, आत गेले तं."

पुन्हा हसणं. सेठजींनी आतलं दार लोटलं आणि म्हणाले, "सावकाश आठवा, मास्तर. घाई नाई." एवढं बोलून ते दाराजवळच्या लाकडी खुर्चीवरून उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी उंबऱ्याशी उभा. हातात समोसा. माझेच विद्यार्थी आत आणि मी, त्यांचा भाषेचा प्राध्यापक, बाहेर.

त्या अपमानात मी जे केलं ते हे. कागदातून समोशाची ऊब तळहाताला लागत होती. समोर सेठजींची नुकतीच रिकामी झालेली खुर्ची होती. मी म्हटलं, "उबोसा."

"मतलब?"

मी वाकून खुर्चीच्या पाटावर हात ठेवला. "माणूस उठून गेल्यावर त्याच्या जागेवर जी ऊब राहते ना, ती. आमची आजी म्हणायची."

आजी असलं काही म्हणत नव्हती. आजीचा चेहराही मला आठवत नाही. ऊब आणि समोसा, एवढ्यावर तो शब्द तयार झाला होता. मनात होतं, फसू दे याला, आत गेलो की मुलांना सांगून हसू.

सेठजींची बोटं चालू लागली. ती थांबेनात. मग ते म्हणाले, "तुम्ही बसा." मी बसलो. "उठा." मी उठलो. त्यांनी वाकून तळहात पाटावर टेकवला आणि तसाच ठेवला. 

"माय गेली," ते म्हणाले, "तवा तिले उचलून खाली घेतलं अन् मी खाटीवर हात ठेवून बसलो. होती. मंग कमी होत गेली. मंग नव्हती. घरचे म्हने, काऊन बसून राह्यला तिथं, काय करून राह्यला? आता काय सांगाव? शब्दच नव्हता मले."

माझ्या हातातला समोसा थंड झाला होता.

"धागा नवा हाये," ते म्हणाले. "पन ओढला तं तुटत नाई. देनाऱ्याचं नाव?"

"आजीचं नाव… आठवत नाही."

"आठवलं की सांगजा. जा आत."

आत काय होतं ते मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. मी तिथे पुढे कितीतरी वेळा गेलो, पण पहिल्या दिवशीचं ते जाणं मनातून गेलं नाही.

आत अंधार होता आणि सरकीचा वास होता. कापूस जाऊन वर्षं झाली तरी भिंतींनी तो वास सोडला नव्हता. आतलं पहिलं दार ओलांडायचं तर ते किलकिलं करावं लागे. उघडं नाही, बंद नाही, किलकिलं. सेठजी मागे उभे राहून "जास्त झालं", "कमी झालं" म्हणत, आणि एका क्षणी गप्प होत. त्या फटीतून पुढचं पाहायचं. आयुष्यभर तो शब्द मी वापरला होता, पण तो बरोबर किती बोटांचा आहे हे माझ्या हाताला तोवर माहीत नव्हतं.

पुढे ज्वारीची रास. तिच्यात हात घालून आधी चिमूट काढायची, मग मूठ, मग पसा, मग ओंजळ. आणि प्रत्येकाबरोबर सेठजींचा आवाज : देणारी अमकी, गाव तमकं. माझ्या वर्गातली सगळ्यात बडबडी पोरं तिथे ओंजळ धरून अशी उभी होती की जणू कोणीतरी त्यांच्या हातात काही जिवंत ठेवलं आहे.

एका कोपऱ्यात दोन पाट समोरासमोर. एकाने गोष्ट सांगायची, दुसऱ्याने हुंकार द्यायचा. हुंकार चुकला की सांगणाऱ्याने थांबायचं. मुलं आधी हसली, मग त्यांना कळलं की ऐकणाऱ्याच्या त्या 'हूं'शिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही, आणि हसणं गेलं. दुसरीकडे एक मोठा रुमाल होता. त्याखाली दोघांनी हात घालून नुसत्या बोटांनी कापसाचा भाव ठरवायचा, अडतीत पूर्वी ठरायचा तसा. शब्दांच्या गोदामात ही एक जागा मुक्या बोलण्याची. सेठजी म्हणाले, "हे बी बोलनंच हाये. फक्त चारचौघांत नाई."

आणि मग कवडसा. गोदामाच्या टिनाला भोकं पडली होती. सेठजींनी ती सगळी बुजवली, एक ठेवलं. दुपारी त्यातून उन्हाची काठी खाली यायची आणि जमिनीवर रुपयाएवढा ठिपका पडायचा. खाली बसून तो तळहातावर घ्यायचा. मी घेतला. थोड्या वेळाने तो माझ्या हातावरून सरकला, मी न हलता. "देनारी गिरजाआजी," सेठजी म्हणाले, "गाव केळझर. आता ती नाई. कवडसा येते." माझं भाषेवर प्रेम आहे असं मी वर्गात सांगत असे. त्या दिवशी पहिल्यांदा भाषेची मला भीती वाटली, देवळात लहान मुलाला वाटते तशी.

परतीच्या गाडीत मुलांना सांगून हसायचं होतं. मी काही बोललो नाही.

पुढे मी जात राहिलो. कधी रविवारी, कधी उन्हाळ्याच्या सुटीत. दर वेळी दारात एक शब्द. आईच्या तोंडचे, बायकोच्या माहेरचे, आता प्रामाणिकपणे आठवून आठवून आणलेले. पण एक विचित्र गोष्ट होती. सगळ्यांना शब्द एकदा करून दाखवावा लागे. मला दोनदा.

"दोनदा काऊन?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तुम्ही शिकलेले," ते म्हणाले. "शिकलेल्याले दोनदा लागते." मी ते हसण्यावारी नेलं. त्यांची आणखी एक लहर, असं समजलो. लहरींची काही कमी नव्हती. बोलताना कोणी "ते हे, ते काय म्हणतात ते" असं म्हटलं की सेठजी त्याला बाकावर बसवत आणि शब्द आठवेपर्यंत उठू देत नसत. एकदा त्यांच्या धाकट्या भावालाच बसवलं. भाऊ दुकानातून किल्ली मागायला आला होता. दुकान तासभर बंद राहिलं. भाऊ ओरडला, "दादा, गिऱ्हाईक उभे हायेत." सेठजी म्हणाले, "त्यायले बी आन. कोनाले तरी आठवन."

एक नियम मात्र लहर नव्हता. सेलूकडची एक म्हातारी आली होती, कमरेला जुन्या लुगड्याची ओटी खोचलेली. शब्द तिच्या अगदी ओठावर होता, येत नव्हता. मी मदत करायला तोंड उघडलं तर सेठजींनी हातानेच अडवलं. "दुसऱ्याच्या तोंडात शब्द कोंबाचा नाई, मास्तर. अन् ओढाचा बी नाई. येईन तवा येईन." म्हातारी बसली, भाकर खाल्ली, बसने निघून गेली. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा आली, दारात उभी राहिली आणि कमरेची ओटी सोडून तिने झटकली. कापूस वेचताना बाया जिच्यात कापूस भरतात ती ओटी. रिकामी. "उलंगवाडी," ती म्हणाली. वेचणी संपली, कपाशीची पऱ्हाटी मोकळी झाली, आता वावरात जायचं काम नाही. एवढं सगळं त्या झटक्यात होतं. सेठजींनी दोन्ही हात जोडले. असं वाट पाहणं मी दुसऱ्या कुठल्याही माणसात पाहिलं नाही. गप्प बसत, डोळे जमिनीवर, आणि ती चालणारी बोटंही तेवढ्या वेळापुरती थांबत.

माझ्या शब्दाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. सेठजींनी ती खुर्ची आतल्या बाजूला, कवडशाच्या जवळ ठेवली. या शब्दाला दोन माणसं लागत. एकाने बसायचं, उठायचं, दुसऱ्याने हात ठेवायचा. एकट्याने आलेल्याबरोबर सेठजी स्वतः बसत. "उबोसा," ते सांगत. "देनाऱ्याचं नाव यायचं हाये." लोकांना ते गमतीचं वाटे, जणू नाव टपालाने येणार आहे. मला प्रत्येक वेळी वाटे, आता सांगावं. मग वाटे, सांगितलं तर यांच्या आईच्या खाटेवरून तो शब्द काढून घेतल्यासारखं होईल. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की तेच कारण आहे असं वाटू लागलं.

आणि शब्द तर गावात निघाला होता. स्टेशनवर बाकावर कोणी बसायला गेलं की शेजारचा म्हणे, "थांब भाऊ, उबोसा हाये अजून. येते तो." लेक सासरी गेली की घरात दोन दिवस उबोसा राहतो, असं एका चहावाल्याने मला ऐकवलं. माझाच शब्द, मला, अर्थासकट. मी चहा सांडला.

मग गोदामावर पाळी आली. सिंदीच्या बाजाराला जागा कमी पडू लागली आणि भावांना तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते. सेठजींपुढे एकच वाट होती. नागपूरकडची एक संस्था अशा संग्रहांना हात देत असे. तिने मान्य केलं तर छप्पर होणार होतं, देखरेख होणार होती, आणि तसं झालं तर गोदामाला हात लावणार नाही असं भावांनी कबूल केलं होतं. संस्थेने पाहणीला समिती पाठवली. जिल्ह्यातला माणूस म्हणून तिच्यात मला घेतलं होतं.

समितीचे प्रमुख चांगले गृहस्थ होते, हे मुद्दाम लिहितो. दार किलकिलं करताना ते लहान मुलासारखे रमले. ज्वारीत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. कवडशाखाली बसले आणि उठेनात. सगळं होणार असं मला वाटू लागलं. पण त्यांनी आपलं काम नेटकं केलं होतं. आधी आठवडाभर ते आजूबाजूच्या गावांत म्हाताऱ्या माणसांना भेटून आले होते. खुर्चीपाशी येऊन त्यांनी विचारलं, "हा शब्द सिंदीत सगळे बोलतात. पण या गोदामाच्या आधी तो कोणी ऐकलेला नाही. तुम्ही प्रत्येक शब्दाचं नाव-गाव सांगता. याचं?"

"नाव यायचं हाये," सेठजी म्हणाले.

"यायचं आहे म्हणजे? दिला कोणी?"

सेठजी गप्प झाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. डोळे जमिनीवर होते. बोटं थांबली होती.

ते वाट पाहत होते. समितीतल्या बाकीच्यांना वाटलं, म्हातारा अडकला. मला माहीत होतं ते काय आहे. उलंगवाडीच्या म्हातारीसाठी थांबले होते तसे ते माझ्यासाठी थांबले होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी समितीचा सदस्य होतो, प्राध्यापक होतो, दुसऱ्या दिवशी हे वर्ध्यात पसरलं असतं. वर टिन तडतडलं. कवडसा खुर्चीच्या पायावरून पाटावर चढला. मी हातातले कागद सरळ करत राहिलो.

"कोनाचाच नाई," सेठजी शेवटी म्हणाले, "तं माह्याच."

"म्हणजे तुम्ही तयार केलात?"

"माह्याच समजा."

"मग बाकीचे कोणते तुमचे?"

"बाकीचे ज्याचे त्याचे."

प्रमुखांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. एक रचलेला निघाला की बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा, एवढाच त्यांचा मुद्दा होता, आणि तो चूक नव्हता. अहवालात तेच आलं. त्याखाली माझीही सही आहे.

निघताना सेठजी मला म्हणाले, "मास्तर, चहा घेता?" मी म्हटलं, गाडीची वेळ झाली. गाडीला भरपूर अवकाश होता. मी फलाटावर बसून राहिलो.

भावांनी अर्धं गोदाम पाडून गाळे काढले. अर्धं सेठजींनी हट्टाने ठेवलं. ते गेले तेव्हा मी सिंदीला गेलो होतो. माणसं खूप होती, दूरच्या गावच्या बायाही होत्या. ती खुर्ची कोणीतरी अंगणात आणून ठेवली होती, लोकांना टेकायला. तिच्यावर हात ठेवायची माझी छाती झाली नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या पुतणीचा फोन आला. ती बँकेत आहे, रविवारी गोदाम उघडते. लहान असताना गोदामात बागडायची, आता आपल्या मोठेबाबांसारखीच, म्हणजे सेठजींसारखीच, बोटं हलवते. म्हणाली, "सर, पुन्हा एक जन पाहाले येनार हायेत. पन त्यायनं फोनवरच इचारलं, यातले खरे किती? तुम्ही जुने मानूस. एकदा येता का?"

मी वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेहून सकाळच्या बसने गेलो. दारावर तीच ओळ होती, आता रंगाने लिहिलेली. कुठल्याशा खेड्यातल्या शाळेची मुलं आली होती, सोबत त्यांच्या बाई.

"तिकीट, सर?" पुतणी म्हणाली.

मी म्हटलं, "गव्हले." खिरीत घालायचे, तांदळाएवढे, पिठाचे. बायको लग्नघरी करायची. मी अंगठा आणि तर्जनी चोळून दाखवलं.

"आले नाईत कसे अजून आमच्याकडं," ती म्हणाली. "दाखवा, दुसऱ्यांदा."

"मला अजून दोनदाच?"

"मोठेबाबाचा नियम हाये. मी कोन बदलनारी?"

मी दुसऱ्यांदा दाखवलं आणि आत गेलो. अर्धंच गोदाम, पण काही कमी झालं आहे असं वाटलं नाही. तिने एक नवं केलं होतं. भिंतीवर जुन्या टेलिफोनचे रिसीव्हर टांगले होते. सेठजी शेवटी शेवटी नावं सांगत तेव्हा तिने मोबाइलमध्ये आवाज धरून ठेवला होता. रिसीव्हर उचलला की शब्द, मग नाव, मग गाव. एक लहान मुलगी कानाला रिसीव्हर लावून "हूं, हूं" म्हणत होती. मी बाजूचा उचलला. "कवडसा. देनारी गिरजाआजी, गाव केळझर." खाली पाहिलं तर ठिपका जमिनीवर होता. देणारी नाही, सांगणारा नाही, आणि दुसरी एक मुलगी खाली बसून तो हातावर घेत होती. मी रिसीव्हर जागेवर टांगला.

खुर्चीपाशी पुतणीने मुलांना गोळा केलं. तिथे रिसीव्हर नव्हता.

"उबोसा," ती म्हणाली. "देनाऱ्याचं नाव…"

आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे जमिनीवर. बोटं थांबलेली. 

मी माझं नाव सांगितलं. गाव सांगितलं. मग म्हटलं, "हा शब्द माझ्या आजीचा नाही. मला आत यायला मिळत नव्हतं, म्हणून दारात उभं राहून मी तो बनवला. सेठजींनी बनवला नाही. इथला एकही शब्द त्यांनी बनवलेला नाही. ते माझं नाव झाकत होते." आवाज मला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला. "जो कोणी पाहायला येईल त्याला हे सांगायचं. मी लिहूनही देतो."

कवडसा धरणारी मुलगी उठून आली होती. "मंग हा शब्द खोटा हाये?" तिने विचारलं.

पुतणी म्हणाली, "बसून पाह्य."

मुलगी बसली, उठली. तिच्या मैत्रिणीने पाटावर हात ठेवला. "हाये नं," ती म्हणाली. मग सगळ्यांनाच हात ठेवायचा होता.

त्या गोंधळात मी पुतणीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मोठेबाबा सांगत. म्हने, मास्तरच्या हातात समोसा होता त्या दिवशी."

"म्हणजे त्यांना पहिल्याच दिवशी…"

"पहिल्याच दिवशी."

"मग समितीपुढे का नाही सांगितलं? गोदाम गेलं अर्धं."

"ओढाचा नाई नं, सर," ती म्हणाली. आणि मुलांना बाजूला करून, "आता तुमचा शब्द. करून दाखवा."

मी खुर्चीवर बसलो. गुडघे धरून उठलो. मुलांचे हात पाटावर पडले. ते उचलल्यावर मी सवयीने पुन्हा बसायला वाकलो.

पुतणीने माझ्या दंडाला धरलं. "नाई सर," ती म्हणाली. "आता एकदाच."